जानेवारीचं बाळंतपण, नोव्हेंबरचा फॉर्म

प्रिय मुली,

काल तू म्हणालीस, "मावशी, एचआरचा फॉर्म आलाय, एफएसएच्या रकान्यात शून्य टाकून मोकळी होते." एवढी घाई करू नकोस. एफएसए म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीत उपचारांच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं; वर्षात वापरले नाहीत तर ते सहसा बुडतात.

तुझी तारीख जानेवारीची. म्हणजे डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) पुन्हा पहिल्यापासून, आणि मोठी बिलं सगळी २०२६ मध्ये. तुझे डॉक्टर आत्तापासून हप्ते मागतायत ना? दे, पण एक लक्षात ठेव. एफएसएवाले पैसे कधी भरले ते बघत नाहीत, उपचार कधी झाला ते बघतात. माझ्या वेळी मी शहाणपणा केला होता. उरलेले पैसे संपवायचे म्हणून डिसेंबरमध्येच दवाखान्यात आगाऊ रक्कम भरली. क्लेम परत आला, आणि वर्ष संपताच चारशे डॉलर बुडाले. नवऱ्याला ते कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं.

२०२६ साठी एफएसएत ३,४०० डॉलरपर्यंत टाकता येतात. पगारातून कापले जातात वर्षभर, पण वापरायला पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी मिळते. जानेवारीत सगळी खर्चून मार्चमध्ये नोकरी सोडलीस, तरी राहिलेले हप्ते कंपनीला मागता येत नाहीत. (तू सोडणार नाहीस, ठाऊक आहे. तरी.) एचएसए, म्हणजे उपचारांसाठीचं आपल्या स्वतःच्या नावावरचं बचत खातं, त्याचं उलटं. त्यात जेवढे साठले तेवढेच हाताशी, पण ते बुडत नाहीत. खातं उघडल्यानंतरच्या खर्चाची पावती जपलीस तर पाच वर्षांनीही पैसे काढता येतात. मात्र त्यासाठी हाय डिडक्टिबल प्लॅन लागतो. आणि नवऱ्याने त्याच्या ऑफिसात साधी एफएसए घेतली, तर तुला एचएसएत एक डॉलरही टाकता येणार नाही. फॉर्म भरायच्या आधी दोघं एकत्र बसा.

को-पे (डॉक्टरांच्या दर भेटीला आपण भरायची ठराविक रक्कम), एपिड्युरल (कळा कमी जाणवायचं पाठीतलं इंजेक्शन), दूध साठवायच्या पिशव्या, बाळंतपणानंतरचे पॅड, हॉस्पिटलचं पार्किंग, सगळं एफएसएच्या पैशांतून चालतं. बाळंतपणाच्या क्लासची फी चालते, पण तुझ्यापुरतीच, नवऱ्याची नाही. ब्रेस्ट पंप बहुतेक इन्शुरन्स कंपन्यांना फुकट द्यावा लागतो, त्यावर हे पैसे घालू नकोस. डायपर, स्ट्रोलर, सैल ड्रेस, यातलं काही चालत नाही. डिंकाचे लाडू करायला आई येईल, तिचं तिकीट आणि व्हिजिटर इन्शुरन्सही यात बसत नाही. दूला (बाळंतपणात सोबत आणि आधार द्यायला ठेवलेली बाई) ठेवणार असशील तर आधी डॉक्टरांचं पत्र घे, नुसत्या पावतीवर सहसा भागत नाही.

आकडा किती टाकायचा? इन्शुरन्स कार्डामागच्या नंबरवर फोन कर आणि नॉर्मल आणि सिझेरियन, दोन्हींत खिशातून किती जातील ते विचार. बाळाचं बिल वेगळं लागतं, तेही विचार. कमी पडलंच तर बाळ झाल्यावर रक्कम वाढवायची मुभा बऱ्याच कंपन्या देतात, पण मुदत साधारण ३० दिवसांची. बाळाचं नाव इन्शुरन्समध्ये घालायलाही मुदत तेवढीच. सोशल सिक्युरिटी नंबरची वाट बघत बसू नकोस, तो मागाहून देता येतो. बारशाला नाव ठरायचं असलं तरी पहिल्याच आठवड्यात एचआरला मेल टाक.

तुझी,
मावशी