तुटक रेघ तुटकच राहू दे

बेटा,

तुझी शीट मिळाली. एकाच भूगर्भीय नकाशावरून, जमीन उभी कापून दाखवणारे दोन छेद काढलेस. एकात तेलाच्या शोधातल्या विहीर क्रमांक 2 आणि 3 यांच्या मध्ये वालुकाश्माचा थर उचलून घुमट केलास, दुसऱ्यात तिथंच फॉल्ट, म्हणजे थर तुटून सरकल्याची भेग, टाकलास. आणि विचारतेस, यातला खरा कोणता?

विहिरींच्या आकड्यांना दोन्ही बसतात. म्हणजे मधल्या पट्ट्यात काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. तेवढं कबूल करायला तू बिचकलीस आणि दोन्हीकडे ठसठशीत काळी रेघ ओढलीस. माझा राग त्या रेघेवर आहे. पाहिलेलं सलग, मानलेलं तुटक. नकाशा करणारा उन्हातान्हात कॉन्टॅक्टवरून, म्हणजे दोन खडकांच्या सीमेवरून, चालतो तेव्हाच सलग रेघ काढतो. कॉन्टॅक्ट मातीखाली गेला की तुटक. त्याची शिस्त तू छेदात मोडलीस.

त्यात उभं प्रमाण आडव्याच्या 5 पट घेतलंस. 10 अंशांचा डिप, म्हणजे थराचा उतार, अशा कागदावर 41 अंशांचा दिसतो, म्हणून तुझा घुमट एवढा देखणा. दोन्ही प्रमाणं सारखी ठेवून पुन्हा काढ. छेदाची रेषा डिपच्या दिशेनंच घे. तिरपी घेतलीस की डिप खऱ्यापेक्षा कमीच येणार.

आणि घुमट दिसला म्हणून तेल अडकत नाही गं. छेदात दोनच बाजू दिसतात, तेल तिसरीकडून निसटतं. थराच्या माथ्याचे कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, नकाशावर चहूबाजूंनी बंद होतात का, ते बघ. फॉल्ट मानत असशील तर पलीकडे वालुकाश्मासमोर काय आलंय? शेल, म्हणजे द्रव सहसा झिरपू न देणारा चिकणमातीचा दगड, आला तर तेल अडण्याची आशा. पुन्हा वालुकाश्मच आला तर बहुधा नाही.

'आपल्याकडे सगळा काळा दगड, इथं बसून तेलाचे नकाशे काय कळणार', हे वाक्य मात्र मला आवडलं नाही. साक्री-दोंडाईचाकडे डाइक, म्हणजे भेगेत थिजलेल्या शिलारसाचा पट्टा, बघायला गेलीस कधी? टेकडी असो, नाला असो, डाइक भिंतीसारखी सरळ निघून जाते, कारण ती जवळजवळ उभी आहे. तिच्या जागी कललेला थर असता तर नाल्यात त्याची रेघ वाकली असती. डाइकच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसरी कोरडी, असंही शेतकरी तुला दाखवतील. जमिनीखाली द्रव कशानं अडतो, ते तिथं दिसेल.

नंदुरबारच्या पश्चिमेला, गुजरातेत अंकलेश्वरला, 1960 साली तेल सापडलं. आपला हा काळा दगड तिथं तेलाच्या थरांच्या खाली, तळाशी आहे. तापीच्या पट्ट्यात उलट: हा काळा दगड, बेसाल्ट, वर, आणि त्याखाली मेसोझोइक, म्हणजे डायनासोरांच्या, काळातले गाळाचे थर असावेत असं जमिनीत कंपनं सोडून केलेल्या सीझमिक सर्वेक्षणांवरून मांडलं गेलंय. असावेत. म्हणजे तीही तुटक रेघच. माझी नोकरी गुजरातेत आणि समुद्रावर सरली. घरच्या दगडाखाली काय आहे ते बघायची संधी आलीच नाही, ही रुखरुख जात नाही.

एकदा भर बैठकीत मला सांगितलं, फॉल्टची रेघ सलग कर, वर मंजुरीला पाठवायचंय. मी नाही केली. दुसऱ्यानं करून दिली, आणि माझी बढती लांबली. ती विहीर कोरडी गेली. पण त्यामुळे मी बरोबर ठरलो असं मी कधीच म्हटलं नाही. तेल लागलं असतं तरी ती रेघ त्या दिवशी तुटकच होती, कारण त्या दिवशी ती कुणी पाहिलेली नव्हती. घरच्यांनी ऐकवलं, एका रेघेसाठी एवढं कशाला. त्या रेघेवर विश्वास ठेवून लोक कोट्यवधी रुपये जमिनीत घालतात, म्हणून.

सर गुण कापतील अशी भीती तुला आहे. कापू देत. दोन्ही गृहीतकं एकाच छेदावर तुटक काढ, आणि कोणती माहिती मिळाली तर त्यातलं कोणतं पुसलं जाईल ते शेजारी लिही. मग विहीर 2 मधून, आधीच्या छेदाला काटकोनात आणखी एक छेद काढ. त्या बाजूला विहीर 5 आहे, तिचा आकडा तू अजून वापरलेलाच नाहीस.

तुझा,
काका