मला बॉन जोव्ही आणि निकेलबॅक आवडतात. होस्टेलचे मित्र म्हणतात हा खरा रॉक नाही. अस्सल रॉक ऐकायला कुठून सुरुवात करू?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. 'खरा रॉक' हे शब्द ऐकवून मला एकदा बँडमधून काढलेलं आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी तुमच्या मित्रांचं बघू. बॉन जोव्हीला नावं ठेवताना एक मुद्दा हमखास येतो: 1986 च्या 'स्लिपरी व्हेन वेट' या अल्बममधली गाजलेली गाणी त्यांनी डेस्मंड चाइल्ड नावाच्या बाहेरच्या गीतकाराला सोबत घेऊन लिहिली. खरं आहे. मग मित्रांना विचारा, एरोस्मिथ चालतो का? चालत असणार. 1987 च्या अल्बमसाठी हाच डेस्मंड चाइल्ड एरोस्मिथबरोबर बसून गाणी लिहीत होता. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं का, ते त्यांनी तुम्हाला सांगावं.

आता माझं. 1996, वडोदरा. आम्ही चौघं. तिघं मराठी, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातले, आणि बास वाजवणारा गुजराती. मी ड्रमवर. सराव गिटारवाल्याच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत, पाच ते सात. सातला खाली देवापुढे दिवा लागायचा, म्हणून सात म्हणजे सात.

गिटारवाला आमचा पुढारी. अलाहाबादहून निघणारं 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे रॉक संगीताचं नियतकालिक त्याच्याकडे यायचं आणि ते आधी तो वाचणार, मग आम्ही. कोणता बँड चांगला हे तोच ठरवायचा. निर्वाणा बँडचा 'ब्लीच' हा अल्बम चांगला, कारण तो त्याने मुंबईच्या मामेभावाकडून कॅसेटवर भरून आणला होता. 'नेव्हरमाइंड' वाईट, कारण तो फतेहगंजच्या दुकानात कोणालाही मिळत होता. तेव्हा मला हे पटायचंही. मीही मान डोलवायचो.

अडचण एवढीच की आमच्याकडे ड्रमसेट नव्हता. एक जुना स्नेअर, म्हणजे सेटमधला छोटा ड्रम, आणि एक तडा गेलेली झांज, यावर किती दिवस काढणार? 1997 च्या नवरात्रात मांजलपूरकडच्या एका गरब्याच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवणारा ऐन वेळी आला नाही आणि शेजारच्या काकांनी माझं नाव सुचवलं. रात्रीचे चारशे रुपये, नऊ रात्रींचे 3600. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. त्या पैशांतून मी सेकंडहँड ड्रमसेट घेतला, अर्धे आधी आणि अर्धे दुसऱ्या नवरात्रानंतर. तो त्या गच्चीवरच्या खोलीत लागला आणि वर्षभर सगळा बँड त्याच्यावर वाजला. पैसे कुठून आले हे चौघांनाही ठाऊक होतं.

गरब्यात वाजवणं म्हणजे काय, हे ज्याने वाजवलं नाही त्याला सांगून कळणं कठीण आहे. तरी सांगतो. मैदानात एकात एक फिरणारी वर्तुळं. सुरुवात संथ, मग लय चढत जाते, पण ती इतकी हळूहळू चढवायची की नाचणाऱ्याला कळता कामा नये. तुम्ही केसभर पुढे पळालात की बाहेरच्या वर्तुळातल्या पोरींची टाळी चुकते आणि ते स्टेजवरून दिसतं. दोन गाण्यांच्या मध्ये थांबणं नाही, गायक बदलतो, ठेका चालूच. माझ्या शेजारी एक म्हातारे ढोली, म्हणजे ढोल वाजवणारे, बसायचे. पहिल्या रात्री माझं सगळं लक्ष स्वतःच्या काड्यांवर. ते वाकून म्हणाले, "हाथ सामे ना जो, पग सामे जो." लोकांच्या पायांकडे बघ. तिसऱ्या रात्री अंगठ्याच्या बेचक्यातला फोड फुटला. चिकटपट्टी गुंडाळून वाजवलं. रात्री दोनला आई दार उघडायची, हळद-तूप लावायची आणि एक शब्द बोलायची नाही. नवव्या रात्री त्या ढोलींनी नुसती मान हलवली. आजवर मला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद आहे.

1998 च्या दिवाळीनंतर आम्ही डिसेंबरच्या कॉलेज फेस्टिव्हलची तयारी करत होतो. दुसऱ्या कॉलेजच्या कोणीतरी मला मैदानावर बघितलं होतं आणि गिटारवाल्याला चारचौघांत चिडवलं होतं. तो सरावाला आला आणि गिटार पिशवीतून न काढताच म्हणाला, "गरब्यात वाजवणारा ड्रमर माझ्या बँडमध्ये नको. उद्या वरातीत वाजवशील." मी विचारलं, "आणि ड्रमसेट?" तो म्हणाला, "तो राहू दे डिसेंबरपर्यंत."

गरब्याचा पैसा चालत होता, गरबा चालत नव्हता. मी त्याच संध्याकाळी दोन रिक्षा केल्या, बास ड्रम मांडीवर घेतला आणि सुरसागरला वळसा घालून घरी आलो. बाकीचे दोघं जिन्यात उभे होते. कोणी हात लावला नाही.

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा जे सुचलं नाही ते आता लिहितो. 1960 ते 1962 बीटल्स हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवत होते. पहिल्या क्लबात रोज साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास, समोर दारू प्यायलेली गिऱ्हाइकं, आणि मालक ओरडणार की काहीतरी तमाशा करून दाखवा. वाजवत काय होते? बहुतेक दुसऱ्यांची लोकप्रिय गाणी. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स हे दोघं त्याआधी लंडनच्या स्टुडिओंत पैसे घेऊन कोणाच्याही पॉप गाण्यात वाजवायचे. 1967 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यातल्या व्हायोलिनांची मांडणी याच जोन्सने केलेली आहे. माझा गिटारवाला ज्यांच्या 'मातीच्या वासाची' शपथ घ्यायचा ते क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल लुइझियानाच्या दलदलीची गाणी गायचे आणि स्वतः होते कॅलिफोर्नियातल्या एल सेरितोचे. म्हणून ती गाणी खोटी ठरतात का? मला तर ती आजही खणखणीत वाटतात. आणि इतकं लांब कशाला जा, आपल्याच वडोदऱ्यात फैय्याज खाँसाहेब नोम-तोमची आलापी करून त्याच तयारीने ठुमरी-दादराही गायचे. दरबारी गवई होते. दादरा गायला म्हणून त्यांचा ख्याल कोणी बाटलेला म्हटलं नाही.

अजून एक गोष्ट, ती मला फार उशिरा कळली. हींच हा गरब्यातला सहा मात्रांचा ठेका, तीन-तीनचा झोका. संथ ब्लूजमध्येही प्रत्येक ठोक्याचे आत तीन तुकडे असतात. बँडमध्ये असताना मला संथ ब्लूज कधी नीट जमला नाही. मी मोजत बसायचो आणि तो लाकडासारखा वाजायचा. बँड सुटल्यावर एका दुपारी घरी एकटाच लेड झेपलिनच्या कॅसेटबरोबर वाजवत होतो आणि हात आपोआप झोक्यात गेला. मोजावं लागलं नाही. अठरा रात्री पायांकडे बघून जे अंगात मुरलं होतं तेच हे होतं. माझ्या हातात जो काही रॉक आहे तो मांजलपूरच्या मैदानातून आलेला आहे, आणि हे मी त्या गिटारवाल्याला तोंडावर सांगायला तयार आहे.

मागच्या वर्षी एका लग्नात तो भेटला. पहिला प्रश्न, "अजून गरब्यात वाजवतोस?" म्हटलं, हो, दरवर्षी. त्याची गिटार 2003 पासून कपाटावर आहे, असं तोच म्हणाला. मग पाच मिनिटांत हल्लीचे बँड कसे विकले गेलेत हे सुरू झालं. माझी पंगत लागली होती, मी उठलो.

थोडं त्याच्या बाजूनेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. त्याचा कान चांगला होता. पिक्सीज हा बँड मला त्याने ऐकवला, आणि निर्वाणाचा तो आधी हळू, मग एकदम दणका हा प्रकार पिक्सीजकडून आलाय हेही त्यानेच सांगितलं होतं. पुढे 1994 च्या 'रोलिंग स्टोन'च्या मुलाखतीत निर्वाणाच्या कोबेनने हे कबूल केलेलं मी वाचलं. तेव्हा तुमच्या मित्रांनी एखादा बँड सुचवला तर जरूर ऐका, फक्त तुमच्या कॅसेटी फेकायला सांगितल्या तर फेकू नका. निकेलबॅक मला स्वतःला आवडत नाही, गाणी एकाच साच्यातली वाटतात. पण ती माझी आवड झाली. तुम्हाला आवडतात ना, मग ऐका. आणि हो, नुसता धंदा म्हणून काढलेले बँड असतात, ते मी नाकारत नाही. ते वाजवताना ऐकू येतं, किती खपले यावरून ठरत नाही.

कुठून सुरुवात करू, हे राहिलंच. लेड झेपलिनचा तिसरा अल्बम घ्या, 1970 चा. त्यातलं चौथं गाणं, सात मिनिटांच्या वरचा संथ ब्लूज. हेडफोन लावा आणि गिटार सोडून द्या, त्यांचा ड्रमर बॉनम याच्या पायाकडे लक्ष ठेवा. बास ड्रमच्या पेडलची कुरकुर सबंध गाणंभर ऐकू येते, ती त्यांनी तशीच ठेवली आहे. ऐकू आली की इथेच खाली लिहा.