साताऱ्यात जानेवारीत आठवडाभराची ग्रुप राइड: घामाचा हिशेब आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: जानेवारीत सोमवार ते रविवार, आठ जण, सगळ्यांच्या रोड सायकली, मुक्काम साताऱ्यात. तिघे ग्रुपमध्ये पहिल्यांदाच चालवणार. सज्जनगड, कास आणि पसरणी घाट करायचेच आहेत. थंडीसाठी काय घ्यावं आणि रोज किती चालवावं?

कपड्यांकडे येतोच, पण आधी थंडी नेमकी कुठे लागते ते समजून घ्या. साताऱ्यात जानेवारीत पहाटे साधारण १० ते १४ अंश असतात. चढावर दहाव्या मिनिटाला घाम फुटतो आणि जॅकेट नकोसं होतं. खरा त्रास नंतर होतो, त्याच घामाने भिजलेल्या कपड्यांत ४५ च्या वेगाने घाट उतरताना. किंवा एकाचं पंक्चर निघेपर्यंत बाकीचे सात जण वाऱ्यात ताटकळतात तेव्हा. १० अंशांत ३० च्या वेगाने जाताना उघड्या कातडीला साडेसहा-सात अंशांइतका गारवा जाणवतो, आणि हे झालं कोरड्या अंगाचं. ओला बनियन अंगाला चिकटला की हात थरथरायला लागतात. म्हणून कपडे, थांबे आणि वेळा सगळं घामाच्या हिशेबाने ठरवा.

आतला थर पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा, अंगाला घट्ट बसणारा हवा. सुती बनियन घरी ठेवा, तो घाम धरून ठेवतो. त्यावर नेहमीची जर्सी, आर्म वॉर्मर (हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या) आणि गुडघ्यांना वॉर्मर. गुडघ्यावर मांस फारसं नसतं आणि वारा थेट सांध्यावर बसतो, त्यामुळे १५ अंशांच्या खाली गुडघे झाका, कितीही जोश असला तरी. सगळ्यात वर बिनबाह्यांचं पातळ विंडचीटर, घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात मावेल असं. जाड स्वेटशर्ट उपयोगाचा नाही, चढावर तो काढून ठेवायचा कुठे? विंडचीटर नसेल तर उतारापूर्वी वर्तमानपत्राची चार पानं जर्सीच्या आत छातीवर सरकवा. युरोपातल्या व्यावसायिक शर्यतींतही डोंगरमाथ्यावर हेच करत आले आहेत. पेपर ‘पुढारी’ असो की ‘ऐक्य’, वारा तितकाच अडतो.

हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या. हे लाड नाहीत, ब्रेकचा प्रश्न आहे. बोटं बधिर झाली की लिव्हर किती दाबला तेच कळत नाही. कानांवर बफ (गळ्यात घालायची ताणली जाणारी कापडी पट्टी) ओढा. माकडटोपी हेल्मेटखाली घालू नका, हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा सैल बसतो. पायांत दोन जोड मोजे कोंबले तर बूट आवळतो, रक्तपुरवठा कमी होतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच मोजा घाला आणि बुटाच्या पुढच्या जाळीवर आतून प्लॅस्टिकचा तुकडा लावा.

निघताना थोडं कुडकुडायला झालं पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर तुम्ही जास्त घातलंय.

आता आठवडा. सात दिवस रोज घाट मारायचा बेत करू नका. गुरुवारपर्यंत पाय जड होतील आणि नवे तिघे चौथ्या दिवशी गाडीत बसतील.

सोमवारी कोरेगाव, जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर, जवळजवळ सपाट. हा दिवस फक्त ग्रुपमध्ये चालवायला शिकण्यासाठी. माहुलीला कृष्णा ओलांडताना धुकं आणि गारठा दोन्ही मिळतील. रात्री थंड हवा जड होऊन नदीकाठी साचते, त्यामुळे सकाळी सातला माहुलीचा पूल कासच्या वाटेवरच्या यवतेश्वरच्या माथ्यापेक्षाही गार असू शकतो. नवख्यांना उलट वाटतं आणि ते सपाटीच्या दिवशी जॅकेट विसरतात. रस्त्याकडेला बाभळीचे काटे असतात, म्हणून डांबराची कड सोडून आत उतरू नका. याच रस्त्याने कोरेगावच्या पुढे असलेल्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षात असते. ती बहुधा डिसेंबरात येते, पण काही वर्षी जानेवारीच्या सुरुवातीलाही, म्हणून तारीख पाहून त्या दिवसांत हा रस्ता टाळा.

मंगळवारी सज्जनगड. समर्थ मंदिरापासून बोगद्यातून बाहेर पडायचं. बोगद्यात पुढचा-मागचा दिवा लावून एकेरी रांगेत जा, कुणीही कुणाला ओलांडायचं नाही. गडाच्या पायऱ्यांवर क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट घसरतात, म्हणून दर्शनाला जाणाऱ्याने पातळ चपला पाठीवर घ्याव्यात. हौस म्हणून पुढे ठोसेघर-चाळकेवाडीपर्यंत जायचं कुणीतरी सुचवेलच. धबधब्यात जानेवारीत फारसं पाणी नसतं, आणि त्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तो वारा नको.

बुधवारी विश्रांती. फारच चुळबुळ झाली तर तासभर हलक्या गिअरवर पाय फिरवा.

गुरुवारी पसरणी. मुद्दाम आठवड्याच्या मध्ये ठेवलाय, कारण शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरच्या पर्यटकांच्या गाड्या त्या घाटात एकामागोमाग लागलेल्या असतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा तर पूर्णच सोडा. सातारा ते वाई महामार्गावरून आठ जणांचा ग्रुप नेऊ नका. सेवा रस्ता सलग नाही आणि त्यावर उलट दिशेने येणारे भरपूर. वाईपर्यंत सायकली गाडीत टाकून आणा. वाईहून आधी मेणवलीमार्गे धोम धरणाकडे जाऊन परत या, म्हणजे पाय गरम होतात. मग घाट: सुमारे १२ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, सरासरी साडेचार-पाच टक्के. चढ सलग आहे पण क्रूर नाही. मागे ११-३० कॅसेट (११ ते ३० दात्यांच्या गिअरच्या चकत्या) आणि पुढे कॉम्पॅक्ट (लहान चकत्यांची जोडी) असेल तर नवे तिघेही बसूनच वर जातील. पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते, त्या दिवसांत वाईत पाय ठेवायलाही जागा नसते. कॅलेंडर बघा.

शुक्रवारी २० किलोमीटर, गप्पा मारता येतील अशा वेगाने. शनिवारी कास, जाऊन-येऊन सुमारे ५०. सातारा साधारण ७०० मीटरवर आणि कास १,२०० च्या आसपास, त्यात यवतेश्वर घाटानंतरही रस्ता वर-खाली होत राहतो. फुलांचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी असतो, जानेवारीत पठार वाळलेलं. म्हणून रस्ता मोकळा, आणि सायकलवाल्याला तोच हंगाम बरा. रविवारी मेढा, कण्हेर धरणाच्या बाजूने, ५० च्या आत. वेण्णेच्या खोऱ्यात सकाळी धुकं आणि पाचट जाळल्याचा धूर दोन्ही खाली साचलेले असतात. कुणाला दमा असेल तर त्याने आठनंतर निघावं आणि इनहेलर जर्सीच्या आत, अंगाजवळ ठेवावा.

सूर्य सातनंतर उगवतो. सपाटीच्या दिवशी पावणेसातला निघा, पण दिव्यांसकट. घाटाच्या दिवशी सव्वासातच्या आधी नको. सावलीतल्या वळणांवर दव बराच वेळ राहतं, आणि उतरताना तुम्हाला ती वळणं वाळलेली हवीत.

ग्रुपबद्दल सविस्तर लिहितो, कारण अपघात थंडीने कमी आणि यात जास्त होतात. आठ जणांची एक रांग करू नका. चार-चारचे दोन गट, मध्ये २००-३०० मीटर, म्हणजे मागून येणाऱ्या एसटीला एका दमात चारच ओलांडावे लागतात. प्रत्येक गटात अनुभवी माणूस पहिला आणि शेवटचा, नवे मध्ये. पुढच्याच्या चाकामागे राहिल्याने सपाटीवर पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त श्रम वाचतात, पण तेवढ्यासाठी नवख्याने चाकाला चाक भिडवायची गरज नाही. पहिल्या दिवशी एका सायकलच्या लांबीएवढं अंतर, गुरुवारपर्यंत मीटरभर. धुक्यात तीन-चार मीटर. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासलं तर पडतो तो मागचा, पुढच्याला पत्ताही नसतो. नजर पुढच्याच्या टायरवर खिळवू नका, त्याच्या खांद्यांवरून रस्त्यावर ठेवा.

पुढे राहायची पाळी दोन-तीन मिनिटांची. मागचा ‘क्लिअर’ म्हणाल्याशिवाय पुढच्याने बाहेर निघायचं नाही. अरुंद रस्त्यावर चालता चालता पाळी बदलूच नका, थांब्यावर बदला. आवाज चारच: ‘खड्डा’, ‘गाडी मागून’, ‘स्लो’, ‘थांबतोय’. कानांवर बफ असतो, म्हणून मोठ्याने, आणि प्रत्येकाने मागे पोचवायचं. मागचे दिवे स्थिर प्रकाशावर ठेवा, लुकलुकणारा दिवा फक्त शेवटच्याचा. सगळे लुकलुकले तर मागच्याचे डोळे दिपतात.

एक इशारा ठळक समजा. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम. उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि टायरबैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात, आणि अनेकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. धुक्यात ट्रॉली दिसते तेव्हा ती १५ मीटरवर असते. डाव्या बाजूने कधीही घुसू नका, दुसरी ट्रॉली झुलते आणि ऊस बाहेर लोंबत असतो. ट्रॉलीच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून मागे चिकटायचा मोह होतो, तिथून एक कांडं निसटलं तरी पुरे. चेंगरलेल्या उसाचा चिकट रस, पाचट आणि दव हे तिन्ही एकत्र आले की डांबराचा साबण होतो. अशा जागी सायकल न झुकवता ताठ ठेवा, ब्रेक सोडा, सरळ जा.

घाट चढताना प्रत्येकाने आपापल्या वेगाने जावं, फक्त शेवटच्यासोबत एक जण हवा. माथ्यावर वाऱ्याच्या तोंडावर वाट बघू नका, टपरीच्या आडोशाला थांबा. आणि थांबल्यावर गार वाटेपर्यंत वाट न बघता, पाय टेकताच विंडचीटर घाला, गळ्यापर्यंत चेन लावा. चहा त्यानंतर. पंक्चर झालं तर दोघेच मागे राहतील, बाकीचे सावकाश पुढे जाऊन उन्हात थांबतील. पॅचचं सोल्यूशन गारव्यात उशिरा वाळतं, तीन मिनिटांऐवजी सहा-सात द्या. त्यापेक्षा प्रत्येकाने दोन ट्यूब घ्या आणि पॅचचं काम संध्याकाळी करा. १६ ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं वापरलं तर ते बर्फासारखं गार होतं, हातमोजा घालूनच धरा. तो वायू रबरातून लवकर झिरपतो, रात्री ती हवा सोडून पंपाने भरा.

उतरताना दोन सायकलींत ३०-४० मीटर अंतर. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. रिमब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला दाबणारा) असेल तर दवात चाकाचे पहिले काही फेरे ब्रेक नीट लागतच नाही, म्हणून वळणाच्या बरंच आधी हलकं दाबून रिम पुसून घ्या. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओला असेल तर त्यावर झुकू नका. पायडल रिकामे का होईना, फिरवत राहा. उतारात अचानक हँडल थरथरायला लागलं तर दोष सायकलचाच असतो असं नाही, कुडकुडणाऱ्या खांद्यांची थरथरही हँडलमध्ये उतरते. दोन्ही गुडघे वरच्या दांड्याला दाबा, हातांची पकड सैल करा, हळूहळू वेग कमी करा आणि थांबून छाती झाका.

हवा घरात २५ अंशांना भरून बाहेर १२ अंशांत गेलात तर ८० पीएसआयचे (हवेच्या दाबाचं एकक) साधारण ७६ उरतात. ते बिघडलं नाही, तसंच असू द्या. ७० किलोच्या माणसाला २८ मिमी टायरमध्ये पुढे ६५, मागे ७० पुरेत. २५ मिमीत पुढे ८०, मागे ८५. पूर्ण फुगवून दगडासारखा केलेला टायर कासच्या रस्त्यावर उड्या मारतो. धुक्यातून आल्यावर साखळी कोरड्या फडक्याने पुसून रोज तेलाचा एक थेंब प्रत्येक कडीला, आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून टाका.

पाणी तासाला अर्धी बाटली तरी, म्हणजे ४०० मिलीच्या आसपास, तहान नसली तरी. थंडीत तहान उशिरा कळते, घाम मात्र जातच असतो. कोमट पाण्यात लिंबू, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे गूळ घातला की चालतं. दोन तासांच्या वरच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात: एका केळ्यात सुमारे २५, शेंगदाण्याच्या दोन लहान चिक्क्यांत तेवढीच. चॉकलेटचे बार गारव्यात दगड होतात, खजूर बरा. कंदी पेढा मात्र परत आल्यावर खा. खवा पोटात घेऊन यवतेश्वर चढायचा नाही.

आणि संध्याकाळी आकडे बघून खट्टू होऊ नका. १० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के दाट असते. तेवढाच जोर लावून सपाटीवर ताशी अर्धा किलोमीटर तरी कमी पडतो. नव्या तिघांना हे सोमवारी निघण्याआधीच सांगून ठेवा, नाहीतर कोरेगावहून परतताना ते तो अर्धा किलोमीटर भरून काढायला जातील आणि मंगळवारी बोगद्याच्या आधीच त्यांचे पाय संपलेले असतील.