रेग्युलेटर फायरवॉलच्या कोणत्या बाजूला बसवावा?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये आम्ही तिघे मित्र किटवरून दोन आसनी हलके विमान जुळवत आहोत. इंजिन रोटॅक्स 912 आहे. व्होल्टेज रेग्युलेटर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या अग्निरोधक भिंतीवर) इंजिनच्या बाजूला बसवावा की केबिनमध्ये, यावर आमचे एकमत होत नाही. आपण काय सुचवाल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : माझे मत केबिनच्या बाजूने आहे; मात्र पॅनेलमागच्या कोंदट कोपऱ्यात नव्हे. इंजिनच्या जनित्रातून येणारी एसी वीज डीसी करून ती सुमारे 14 व्होल्टवर राखताना, 15 अँपियर प्रवाह असेल तर रेग्युलेटरच्या पेटीत पंचवीस-तीस वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे एक लहान सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखेच. निर्मात्याने पेटीच्या तापमानाला 80 अंश सेल्सिअसची मर्यादा घातली आहे. हवा 20 अंशांची असेल तर 60 अंशांची सवलत मिळते; नाशिकच्या मे महिन्यातल्या 40 अंशांच्या दुपारी ती 40 अंशांवर येते, आणि काउलिंगच्या, म्हणजे इंजिनवरच्या आवरणाच्या, आत तर त्याहूनही कमी. विमान उतरवून इंजिन बंद केले की वारा थांबतो, एक्झॉस्टची धग आत कोंडते, आणि थोड्या वेळाने पुन्हा इंजिन सुरू केल्यास रेग्युलेटरला आधीच तापलेल्या अवस्थेत कामाला लागावे लागते.

रेग्युलेटर कशावर बसतो याकडेही लक्ष द्यावे. फायरवॉलचा स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा उष्णता फारशी वाहून नेत नाही, म्हणून मध्ये 3 मिलिमीटर जाडीचा, रेग्युलेटरच्या दुप्पट आकाराचा अॅल्युमिनियमचा पत्रा घेऊन थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा आणि रेग्युलेटरच्या फिन (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या) उभ्या राहतील असे पाहावे. बाहेरच्या हवेची एक नळी थेट फिनवर सोडता आली तर फारच उत्तम.

केबिनमध्ये बसवल्याने जनित्राच्या दोन पिवळ्या तारा फायरवॉलमधून आणाव्या लागतात. भोकाला अग्निरोधक सीलंट लावावे, आणि इंजिन रबरी माउंटवर हलत असल्याने त्या बाजूला तारेला ढील ठेवावी. या तारांची स्पेड टर्मिनले (टोकांची चपटी जोडणी) मी नेहमी स्वतः ओढून पाहतो. एका विमानात त्यांपैकी एकाचे प्लास्टिक तपकिरी पडून बोटाने चुरा होईल इतके जळले होते, आणि दोष रेग्युलेटरचा नसून सैल क्रिम्पचा, म्हणजे तार दाबून बसवलेल्या जोडाचा, होता. व्होल्टेजमधले चढउतार शमवणारा 22,000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रेग्युलेटरच्या जवळच, पण त्याच्या उष्णतेपासून थोडा दूर बांधावा.

इंजिनच्या बाजूलाच जागा असेल तर एक्झॉस्टपासून शक्य तितके दूर, उष्णतारोधक पत्र्याच्या आड आणि हवेची स्वतंत्र नळी देऊनच बसवावा. थेट इंजिनवर कधीही नको. कोणतीही जागा ठरवली तरी पेटीवर तापमानदर्शक पट्टी चिकटवून, दिवे व रेडिओ चालू ठेवून दुपारी जमिनीवर अर्धा तास इंजिन चालवावे, बंद केल्यावर वीस मिनिटे थांबावे आणि मगच पट्टी वाचावी. ती 70 अंशांच्या पुढे गेली असेल तर उड्डाणापूर्वी जागा बदलावी.