बदलापूरचा टू बीएचके की डोंबिवलीचा वन बीएचके?

प्रश्न : आम्ही कळव्याला भाड्याने राहतो. मी ठाण्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वेळ सकाळी साडेआठ ते पाच. मिस्टर फोर्टला नोकरीला. मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. सासू-सासरे आमच्याकडेच असतात, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. कर्ज धरून पन्नास लाखांपर्यंत जमेल. दोन फ्लॅट पाहिलेत. एक बदलापूर पश्चिमेला, नदीच्या बाजूला, नव्या टॉवरमध्ये टू बीएचके. 48 लाख, ताबा दीड वर्षाने. दुसरा डोंबिवली पूर्वेला टिळकनगरजवळ रिसेलचा वन बीएचके. तोही 48 लाखच. इमारत 1994ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासरे म्हणतात, त्याच पैशात एक खोली जास्त मिळतेय तर विचार कसला करायचा? आणि घर मिस्टरांच्याच नावावर घ्या, असाही त्यांचा आग्रह आहे. काय करावं?
— एक वाचक, कळवा

उत्तर : सासऱ्यांनी खोल्या मोजल्या, ठीक आहे. तुमच्या घरात गाडीत जाणारे तास मात्र कोणी मोजलेले दिसत नाहीत.

बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर होते तेव्हा नवरा-बायको दोघं समोर बसले की फॉर्ममध्ये नसलेला एक प्रश्न मी हमखास विचारायचे : संध्याकाळी घरी आधी कोण पोहोचतं? नवरे बायकोकडे बघायचे. पाळणाघरातून मूल आणणं, कुकर लावणं, सासूबाईंच्या गोळ्या हे सगळं त्या आधी पोहोचणाऱ्या माणसावर असतं. स्टेशन कुठलं घ्यायचं ते त्याच्या गाडीवर ठरवावं, हे माझं ठाम मत आहे. तुमच्या घरात ते माणूस म्हणजे तुम्हीच.

आता तुमची संध्याकाळ बघा. पाचला सुटून साडेपाचला ठाणे स्टेशनवर. ठाण्याहून डोंबिवली पंधरा किलोमीटर, स्लो गाडीने वीसेक मिनिटं. कल्याण, डोंबिवली, टिटवाळा, आसनगाव, अंबरनाथ, जी स्लो येईल ती चालते, बहुतेक फास्टही थांबतात. एक गेली तर मागोमाग दुसरी. बदलापूर ठाण्यापासून पस्तीस किलोमीटर, पाऊण तासाहून जास्त. तरी अंतराचं मला एवढं वाटत नाही. कल्याणनंतर मार्ग फुटतो, काही गाड्या कसाऱ्याकडे जातात, काही कर्जतकडे. बदलापूरच्या बाजूला रूळ दोनच, आणि पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस व मालगाड्याही त्याच रुळांवर. म्हणून तुमच्या कामाच्या गाड्या मोजक्या, आणि त्यातल्या बहुतेक सीएसएमटीहूनच भरून येतात. ठाण्याला लेडीज डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा मिळाली नाही की पुढच्या बदलापूर-कर्जतची वाट बघत उभं राहायचं, आणि तेवढ्यात पाळणाघरातून फोन. तिसरी-चौथी लाइन होते आहे, अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशनही व्हायचं आहे. बिल्डरच्या ब्रोशरवर ते आजच झालेलं असतं. जे धावतंय तेवढंच धरा.

सकाळी मात्र बदलापूरचं पारडं जड. तिथून गाडी सुटते, बसायला मिळतं. जागा पकडायला अंबरनाथहून उलट बदलापूरला येऊन बसलेल्यांशी भांडणं होतात ती वेगळी. डोंबिवलीची सकाळ वाईटच. 9 जून 2025ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून गेली, ते सगळ्यांनी वाचलंय. मिस्टरांना सांगा, फास्टचा मोह सोडून डोंबिवलीहून सुटणारी स्लो धरा. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातील, पण फोर्टपर्यंत बसून जातील.

नदीच्या बाजूचा टॉवर म्हणताय, तर 2019चा जुलै विसरून चालणार नाही. 27 जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी होते, नौदल आणि एनडीआरएफ आले. ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच उल्हास नदीचं पाणी बदलापूर पश्चिमेत रमेशवाडी, हेंद्रेपाडा भागांत घराघरांत शिरलं होतं, ते तिथल्यांनीच पाहिलं. तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेलही. पण लिफ्टची मोटर, मीटर रूम, पाण्याचा पंप आणि पार्किंगमधली स्कूटर खालीच असते. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला, म्हणजे विकास आराखड्यात ती जमीन कशासाठी दाखवली आहे त्याचा दाखला, आणि भाग नकाशा मागा. पूररेषा दोन असतात, निळी आणि लाल. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. प्लॉट कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते लेखी घ्या. आणि परत येताना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला किंवा दूधवाल्याला विचारा, "दादा, एकोणीस साली पाणी कुठवर आलं होतं?" तो शटरवर हात ठेवून दाखवेल. सेल्स ऑफिसातल्या मुलाला हा प्रश्न विचारू नका, तो एकोणीस साली कॉलेजात असेल.

रविवारी बिल्डरच्या गाडीतून साइट पाहिली असेल, तर ती पाहिली असं धरू नका. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी लोकलने जा, स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहा आणि बिल्डिंगच्या गेटपर्यंत पोहोचायला लागलेली मिनिटं लिहून ठेवा. त्यांची "स्टेशनपासून दहा मिनिटं" रिकाम्या रस्त्यावरची असतात. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, ते शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा. सोसायटीच्या हिशोबात टँकरचा खर्च दिसला तर तो रिक्षाभाड्यासारखा महिन्याच्या खर्चात धरा.

डोंबिवलीतही डोळे मिटून जाऊ नका. तुम्ही पाहिलेला फ्लॅट मी घेणार नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, म्हणजे त्या एकदा वर चढल्या की दवाखान्यापुरत्याच खाली येणार. त्याच भागात पहिल्या मजल्याचा किंवा लिफ्ट असलेला जुना फ्लॅट शोधा, खोली थोडी लहान मिळाली तरी चालेल. 1994च्या इमारतीला तीस वर्षं उलटली, तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालंय का आणि त्यात काय निघालं, ते सेक्रेटरींकडे मागा. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील तर सोसायटीचा ठराव बघा. "होणारच आहे" एवढ्यावर जास्त भाव देऊ नका. पूर्वेला एमआयडीसी आहे, तिथे मे 2016 आणि मे 2024मध्ये मोठे स्फोट झाले, दूरवर काचा फुटल्या. घर त्या पट्ट्यापासून जेवढं लांब तेवढं बरं.

कागदांत ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या विक्रीचे मूळ करारनामे आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा, लागतो. साखळीतला एक जरी करार "हरवलाय" असं ऐकलं तरी टोकन देऊ नका. बँकेचा पॅनेलवरचा वकील जुन्या नोंदी तपासून मालकीचा सर्च रिपोर्ट काढतो, त्याची प्रत आपणही वाचावी. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर आहे म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीत बनावट बांधकाम परवानग्यांवर 65 इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर 2024मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, आणि तोवर त्यांत कर्ज काढून राहायला आलेली कुटुंबं होती. म्हणून नवी इमारत असेल, मग ती बदलापूरची असो की डोंबिवलीची, तर परवानगीचा नंबर पालिकेच्याच खिडकीवर जाऊन जुळवून घ्या.

तुम्ही दोघं घरून काम करत असता आणि टॉवर नदीपासून लांब, पूर्वेला असता, तर मी बदलापूर घ्या म्हटलं असतं. मोकळी हवा आहे, मुलाला खेळायला जागा आहे. पण तुमची नोकरी ठाण्यात, म्हणून डोंबिवली. एक खोली कमी पडेल. सासऱ्यांना हॉलमध्ये दिवाण करून द्या आणि गणपतीच्या देवळापर्यंत सकाळी पायी जाता येतं हे आधी दाखवा, खोलीचा विषय मग काढा.

राहता राहिलं नाव. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 48 लाखांवर ते 48 हजार होतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत जाते. नोंदणी फी वेगळी, ती जास्तीत जास्त 30 हजार. नुसत्या सहकर्जदाराला, घरात मालकी नसेल तर, व्याजाची प्राप्तिकर वजावट मिळत नाही, तेवढ्यासाठी लोक दोघांची नावं घालतात. मिस्टर जुन्या करप्रणालीत असतील तर हिशोब मांडून बघा. नव्या करप्रणालीत असतील तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही. मग घर तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, मिस्टर सहकर्जदार राहतील, आणि सासऱ्यांना 48 हजारांचा आकडा कागदावर लिहून दाखवा.