भाऊ नागपुरात, फोन डॅलसहून

डॅलसहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ३६ वर्षांचा धाकटा भाऊ नागपुरात मानेवाड्याला आई-बाबांजवळ राहतो. नोकरी सुटल्यापासून रोजची दारू. ताई लिहितात, ‘डिसेंबरमध्ये तीन आठवडे येते आहे, तेवढ्यात त्याला कुठेतरी भरती करून टाकावं म्हणते. एका समुपदेशक बाईंकडे चार-पाचदा गेला. फी मी भरते, पण विचारलं तर त्या मला काहीच सांगत नाहीत. त्याच्याशी नुसत्या गोड बोलतात म्हणे. असं बोलून दारू सुटते का?’

ताई, आधी त्या गोड बोलण्याचंच बघू.

आमच्याकडे समुपदेशनाला पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा स्वतःहून आलेला नसतो. आईनं आणलेला असतो, नाहीतर बायकोनं. खुर्चीच्या टोकावर बसतो, खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी चाचपतो (खर्रा तर आपल्याकडे कुणी व्यसनात धरतच नाही!) आणि म्हणतो, ‘घरचे उगाच टेन्शन घेऊन राहिले, मॅडम. मी काही रोज नाही घेत.’ इथे त्याला खोटं पाडलं की पुढच्या आठवड्यात तो येत नाही. म्हणून किती पेग ते बाजूला ठेवायचं आणि झोपेचं विचारायचं, जेवणाचं विचारायचं. मग हळूच, ‘घेतली की काय बरं वाटतं?’ हे त्याला घरी कुणी विचारलेलं नसतं. तो जरा थांबतो. ‘रात्री डोक्यात जे चालू राहते ना, ते बंद होते.’

आता खरं काम सुरू होतं. डोक्यात काय चालतं? नोकरी गेल्याची लाज, बापासमोर जेवायला बसायची धास्ती, कधी सरळसरळ नैराश्य. दारूनं झोप लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि सकाळी मन आणखी खचलेलं असतं. म्हणून ‘आधी दारू सोड, मग बाकीचं बघू’ असं चालत नाही. दोन्हींचे उपचार बरोबरच व्हावे लागतात.

असं न भांडता, विचारत बोलण्याला ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. आपण जितका वाद घालू तितका समोरचा दारूची बाजू घेतो. सोडायचं कारण त्याच्याच तोंडून यायला हवं, हे तिचं सार. यात लाड नाहीत. ‘मुलीच्या शाळेत गेलो नाही’ हे त्यानं स्वतः म्हणणं तुमच्या दहा फोनांपेक्षा त्याला जास्त झोंबतं.

फीचं म्हणाल तर, पैसे कुणीही भरोत, खोलीतलं बोलणं त्याचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क त्याला दिला आहे. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही मात्र त्या बाईंना कळवू शकता: आईला काय दिसतं, तो कधी पडला, कधी चिडला. ऐकायला त्यांना बंदी नाही.

भरतीचा विषय असा घाईत उरकू नका. त्याच्या मर्जीविरुद्ध भरती करायला त्याच कायद्यात अटी आहेत, डॉक्टरांची तपासणी आहे. व्यसनमुक्ती केंद्र नोंदणीकृत आहे का, तेही आधी पाहावं लागतं. आणि एक गोष्ट आईला आजच सांगा: रोज पिणाऱ्याची बाटली घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. हात थरथरणं, घाम हे काही तासांतच सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. दारू थांबवायची ती मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, गोळ्यांच्या आधारानं. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मनोविकार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, खासगी डॉक्टरही आहेत. चहात गुपचूप टाकायची ‘दारू सोडवणारी’ पावडर कुणी सुचवली तर हात जोडा. त्यात डायसल्फिराम हे औषध असेल आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून दवाखाना गाठावा लागेल.

तुमचा फोन रविवारी सकाळी चहा घेताना जात असेल. तेव्हा नागपुरात रात्र झालेली असते आणि त्याची पिऊन झालेली असते. मग ‘आज पण घेतली ना?’, आणि भांडण. उन्हाळ्यात तुमच्या शनिवारी रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथे रविवार सकाळचे आठ, हिवाळ्यात नऊ. तेव्हा करा. दारूचा विषय त्यानं काढला तरच बोला. एरवी बाबांच्या गुडघ्याचं, तुमच्या नवऱ्याच्या कंपनीचं, काहीही. ‘जगून काय करायचं’ असं म्हणाला तर मात्र टाळू नका. ‘मरायचे विचार येतात का रे?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. होकार आला तर त्याला एकटं ठेवू नका म्हणून बाबांना लगेच कळवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरातल्या फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

पैसे त्याच्या खात्यात पाठवू नका, आणि रागानं सगळे बंदही करू नका. लाइटबिल, औषधं, फी परस्पर भरा.

आईकडेही लक्ष असू द्या. शेजारी काय म्हणतील म्हणून ती महिनोन् महिने एकटी हे दाबून धरते. बाटल्या लपवते, त्याच्या उलट्या पुसते, आणि तुम्हाला ‘सर्व ठीक आहे’ म्हणते. दारूच्या व्यसनात अडकलेल्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हे आधारगट आहेत. समुपदेशनात घरच्यांची वेगळी बैठकही घेतात.

डिसेंबरचं तिकीट काढलंच असेल तर भरतीची भाषा न करता पहिला आठवडा नुसतं घरी राहा. मग त्याला विचारा, ‘तुझ्या मॅडमकडे एकदा मी येऊ का?’ नको म्हणाला तर आईला घेऊन जा. आईची वेळ मात्र आत्तापासून घेऊन ठेवा, डिसेंबरात लग्नसराई असते आणि ती ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हणेल.