रक्त येतं, पण दुखत नाही

प्र. वय 52, सात वर्षांपासून शुगर. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, पण दुखत नाही. दाखवायलाच हवं का? (महाल)

उ. दुखत नाही, हीच तर गोची आहे. हिरड्यांचा आजार मुकाट्याने दाताभोवतीचं हाड खात राहतो आणि दात हलायला लागला की मग माणूस आम्हा दातांच्या डॉक्टरांकडे येतो. साखर चढी असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. उलट हिरड्यांतली सूज इन्सुलिनचं काम बिघडवते, म्हणून गोळ्या वाढवूनही साखर हटून बसते. हिरड्यांखालची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर टक्क्यांत सांगणारी रक्ततपासणी) साधारण 0.3 ते 0.4 ने उतरतं, म्हणजे 8 चं 7.6-7.7 होतं. थोडं वाटतं, पण सोडून देण्यासारखं नाही. ‘सफाईने दात ढिले होतात’ असं शेजारच्या काकू सांगतील. हाड आधीच गेलेलं असतं, किटण निघाल्यावर ते कळतं इतकंच.

प्र. आईला शुगर आहे, दाढ काढायची आहे. उपाशी आणायचं का? (मानेवाडा)

उ. मुळीच नाही! दाढेपुरती भूल द्यायची असेल तर सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन देऊनच आणा. गोळी घेऊन उपाशी आलेली माणसं खुर्चीत घामाघूम होतात. साखर 70 च्या खाली गेलेली असते. पिशवीत ग्लुकोजची पुडी ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, परस्पर बंद करू नका.

प्र. तोंड सारखं कोरडं पडतं. उन्हाळ्यामुळे असेल? (धरमपेठ)

उ. मे महिन्यात आपल्या नागपुरात कोणाचं पडत नाही? पण रात्री लघवीलाही उठावं लागत असेल तर आधी साखर तपासा. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात. साधं पाणी घोट-घोट प्या, संत्र्याचा रस नको. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा.

प्र. खर्ऱ्यात साखर नसते, मग चालतो ना? (इतवारी)

उ. साखर नसते, तंबाखू आणि सुपारी असते! तंबाखूने हिरड्या आणखी खराब होतात, सुपारीने तोंड उघडेनासं होतं आणि दोन्हींमुळे कॅन्सरचा धोका असतो. आत्ताच तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालून बघा. जात नसतील तर याच आठवड्यात दाखवा. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहेच.